मनावर घेऊ नकोस

'मनावर घेऊ नकोस' हे मराठीतलं बहुधा सगळ्यात स्वस्त सांत्वन असावं. ते द्यायला काही लागत नाही. समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यावं लागत नाही, ज्यानं त्याला दुखावलं त्याच्याशी भांडावं लागत नाही, आणि एवढं करून आपण मदत केल्याचं समाधान मिळतं ते वेगळंच. वाक्याची रचना बघा. कुणीतरी काहीतरी बोललं, हा भाग त्यात नाहीच. एकच क्रिया आहे, 'घेणं', आणि तिचा कर्ता आहे ज्याला लागलं तो. बोलणारा वाक्यातून केव्हाच निसटलेला असतो.

हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलं ते इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत, आणि विषय बहुतेक वेळा रंगाचा असायचा. प्रत्येक बॅचमध्ये एक 'काळ्या' असतो. दोन निघाले तर दुसऱ्याला 'कोळसा', 'डांबर' किंवा एखाद्या वेस्ट इंडियन बोलरचं नाव मिळतं. मी 'डांबर' होतो. ही नावं हॉस्टेलच्या पहिल्या आठवड्यात ठरतात आणि मग फोनमध्ये सेव्ह होतात. लाइट गेली की 'अरे हस ना, कुठे आहेस कळत नाहीये' हा विनोद महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या हॉस्टेलांत होत असणार. करणाऱ्याला तो दर वेळी नवीन वाटतो, हे त्यातलं खरं आश्चर्य.

यातलं फारसं काही द्वेषानं होत नाही. ज्या मुलांनी मला ते नाव दिलं, त्यांनीच मला डेंग्यू झाला तेव्हा रात्री दीड वाजता रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि आळीपाळीनं जागले. म्हणून तर प्रश्न अवघड आहे. दुष्ट माणसानं दिलेल्या त्रासाबद्दल फार डोकं चालवावं लागत नाही, तो चूक आहे एवढं म्हटलं की झालं. पण ज्याचा हेतू वाईट नाही, जो खरोखर मित्र आहे, आणि ज्याच्या बोलण्यावर समोरचा हसतोही आहे, त्याच्या हातून नेमकं काय चुकतं? की काहीच चुकत नाही, आणि प्रश्न खरंच फक्त घेणाऱ्याच्या मनाचा आहे?

इथे मला डॅरेन सॅमीची गोष्ट उपयोगी वाटते. सॅमी म्हणजे वेस्ट इंडीजला २०१२ आणि २०१६ असे दोन टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार. आयपीएलमध्ये तो सनरायझर्स हैदराबादकडून खेळायचा तेव्हा त्याला 'कालू' म्हणत. त्याला वाटायचं, याचा अर्थ दणकट घोडा असा काहीतरी असेल. म्हणणारे हसायचे, तोही हसायचा. जून २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर जगभर निदर्शनं चालू असताना, हसन मिन्हाजच्या एका कार्यक्रमात त्यानं ऐकलं की भारतीय लोक काळ्या माणसांना काय म्हणतात. तेव्हा त्याला त्या शब्दाचा अर्थ कळला. तो भयंकर चिडला, जुन्या सहकाऱ्यांना त्यानं जाहीरपणे जाब विचारला. लोकांनी इन्स्टाग्रामवरचा २०१४ सालचा एक फोटो शोधून काढला, त्यात एका सहखेळाडूनं तोच शब्द बिनधास्त लिहिलेला. काही दिवसांनी सॅमीनं सांगितलं की त्यांच्यापैकी एकाशी आपलं बोलणं झालं, आपण ते प्रेमानंच म्हणत होतो असं त्यानं सांगितलं, आणि आपला त्यावर विश्वास आहे.

आता 'मनावर घेऊ नकोस' हा नियम या गोष्टीला लावून बघा. २०१४ मध्ये सॅमीनं काहीही मनावर घेतलं नव्हतं. घेणं शक्यच नव्हतं, शब्दच कळत नव्हता. चूक जर घेण्यात असेल, तर २०१४ मध्ये सगळं आलबेल होतं, आणि २०२० मध्ये एका हिंदी शब्दाचा अर्थ शिकून सॅमीनं स्वतःच स्वतःवर अन्याय करून घेतला, असं म्हणावं लागेल. हे कुणालाच पटणार नाही. म्हणजे दुखायला २०२० मध्ये लागलं, पण चुकायचं ते आधीच चुकलं होतं. एका खोलीतल्या सगळ्यांना कळणारा आणि ज्याच्यावर आहे त्यालाच न कळणारा विनोद चालू होता. दुखणं आणि अन्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अन्याय झाला की नाही हे ठरवायला दुखलं का एवढंच विचारून भागत नाही.

गोष्टीचा दुसरा भागही मला महत्त्वाचा वाटतो. 'प्रेमानं म्हणत होतो' हे खोटं नसणार. माझे मित्रही प्रेमानंच म्हणत होते. पण प्रेम ही बोलणाऱ्याच्या हेतूबद्दलची साक्ष झाली. शब्द काय करतो याबद्दल ती काही सांगत नाही. प्रेमानं चहात चुकून मीठ टाकलं तरी चहा खारटच होतो, आणि पिणाऱ्यानं ते मनावर न घेतल्यानं तो गोड होत नाही.

पण आम्हाला तर मराठी येत होतं, आणि तरी आम्ही हसायचो. मग ती संमती नाही का? हॉस्टेलचा पहिला आठवडा आठवा. गावाकडून आलेला अठरा वर्षांचा मुलगा, एकालाही ओळखत नाही, मेसमध्ये कुणाच्या टेबलावर बसायचं हा दिवसातला सगळ्यात मोठा प्रश्न. अशा वेळी कुणीतरी त्याला नाव ठेवतं आणि सगळे हसतात. त्याच्यापुढे दोन रस्ते असतात. हसायचं आणि टेबलावर जागा मिळवायची, किंवा तोंड पाडायचं आणि 'सेंटी' ठरायचं. तो हसतो. त्या हसण्याला संमती म्हणणं म्हणजे टोलनाक्यावर दिलेल्या पैशांना देणगी म्हणण्यासारखं आहे. संमती आहे की नाही हे तो हसला का यावरून कळत नाही, न हसण्याची त्याला सोय होती का यावरून कळतं.

यावर ठरलेला आक्षेप असतो: जाड्या, बुटक्या, चष्मिश, टकल्या यांचं काय? हॉस्टेलमध्ये नाव नसलेला माणूस म्हणजे ज्याची कुणी दखलच घेतली नाही असा माणूस. या आक्षेपात तथ्य आहे. थट्टा हा जवळिकीचा एक मार्ग असतो, आणि जी मैत्री फक्त सभ्य बोलण्यावर चालते तिच्यात मलाही कंटाळा येईल. पण चष्मिशला चष्म्यामुळे बाहेरच्या जगात कुणी कमी भाव देत नाही. म्हणून त्याचं नाव खोलीतच राहतं. 'काळ्या' खोलीतून बाहेर पडतो तेव्हा बाहेरही तेच नाव त्याची वाट बघत असतं, फक्त जास्त सभ्य शब्दांत: 'सावळा', 'निमगोरा', 'रंगानं जरा डावा'. आपली भाषाच बघा. गोऱ्याला 'पान' लागतं, काळ्याला 'कुट्ट' आणि 'ठिक्कर'. उजळ ते चांगलं आणि तोंड काळं करायचं ते पाप केल्यावर. मित्राची थट्टा या सगळ्याच्या वर येऊन बसते. तिचं वजन एकट्या मित्राचं नसतं. (जाड्या आणि बुटक्या यांच्या बाबतीतही हेच लागू होतं असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही.)

मग 'मनावर घेणं' म्हणजे प्रत्यक्षात काय होतं? बाहेरच्यांची कल्पना अशी असते की मुलगा एखाद्या शब्दानं दुखावतो, खोलीत जाऊन रडतो, दुसऱ्या दिवशी विसरतो. असं क्वचितच होतं. शब्द त्या क्षणी फारसा दुखतही नाही. त्यानं एक हिशेब सुरू होतो आणि तो थांबत नाही. ग्रुप फोटोत कुठे उभं राहायचं, फ्लॅशच्या जवळ की कडेला. फिका शर्ट घ्यावा की गडद. फ्रेशर्स पार्टीला जो नाच ठरलाय त्यात पुढच्या रांगेत ठेवलं तर काय कारण सांगायचं. कॉम्प्युटरवर मागे एखादा प्रोग्राम गुपचूप चालू असला की स्क्रीनवर काही दिसत नाही, पण सगळंच थोडं थोडं हळू होतं, तसं हे असतं. बाहेरून दिसतो तो फक्त थोडा गप्प, थोडा आळशी, थोडा 'ॲटिट्यूड' असलेला मुलगा.

आमच्या विंगमध्ये एक मुलगा होता, माझ्याहून बराच काळा. दुसऱ्या वर्षात तो मेसमध्ये गर्दीच्या वेळी यायचा बंद झाला. साडेनऊनंतर, पातेली खरवडायची वेळ झाली की येऊन जेवायचा. मग सकाळची लेक्चर्स सुटायला लागली. मग दोन विषय राहिले. सगळ्यांचं निदान एकच, याला घरची आठवण येते. एकदा तो परीक्षेच्या फॉर्मसाठी पासपोर्ट फोटो काढून आला. आपल्याकडच्या फोटो स्टुडिओत न विचारता चेहरा दोन शेड उजळ करून देतात, तो त्यांच्या सेवेचाच भाग असतो. परीक्षेला सुपरवायझरनं हॉल तिकिटावरचा फोटो बघितला, त्याच्याकडे बघितलं, परत फोटो बघितला. वर्गात दोघेतिघे हसले. कुणी काही बोललं नाही. तक्रार करायची तर कशाची करणार?

मानसशास्त्रात या अवस्थेसाठी एक संकल्पना आहे, साध्या मराठीत तिला 'कारणाची संदिग्धता' म्हणता येईल. जेनिफर क्रॉकर आणि ब्रेंडा मेजर या अमेरिकन संशोधकांनी १९८०-९०च्या दशकांत तिच्यावर बरंच काम केलं. ज्या गटाला लोक कमी लेखतात त्यातल्या माणसाला वाईट वागणूक मिळाली की आपल्याला हे आपल्या कामामुळे मिळालं की आपल्या गटामुळे, हे कळत नाही. कौतुक झालं तरी हाच घोळ: खरंच चांगलं केलं की कीव आली? आम्ही प्रोग्रामर लोक ज्याला सगळ्यात जास्त घाबरतो तो असा बग, जो कधी येतो कधी येत नाही आणि ज्याची लॉगमध्ये नोंद होत नाही. ग्रुप डिस्कशनमधून बाहेर पडलो ते इंग्रजीमुळे, मुद्द्यांमुळे, की आणखी कशामुळे? मुलीनं नाही म्हटलं ते कशामुळे? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर 'कदाचित' असतं. उघड शिवी मिळाली तर निदान शत्रू कोण ते कळतं. 'कदाचित'शी लढता येत नाही, आणि त्यात माणूस स्वतःबद्दलचं खरं मत बनवण्याची साधनंच गमावतो. मला यातलं सगळ्यात मोठं नुकसान हेच वाटतं. आपण कशात बरे आहोत आणि कशात नाही, हे शिकायला तर माणूस कॉलेजात जातो.

मुलींचं वेगळं. त्यांना टोपणनावं कमी आणि सल्ले जास्त मिळतात. माझी एक मावसबहीण बारावीपर्यंत खो-खो खेळायची, जिल्ह्यापर्यंत गेलेली. कॉलेजात गेल्यावर तिनं ते सोडलं. अभ्यासामुळे, असं ती सांगते. मावशी सांगते ते कारण वेगळं आहे: 'आता चार वर्षांत स्थळं बघायची, उन्हात कशाला करपायचं?' यात मावशी खलनायिका नाही. तिनं बाजारभाव बघितलाय. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आली आणि २०२० मध्ये तिच्या नावातला 'फेअर' गेला, 'ग्लो' आला. त्याच वर्षी शादी डॉट कॉमनं लोकांच्या मागणीवरून रंगानुसार स्थळं गाळायची सोय काढून टाकली. गाळणारे अर्थात तेच राहिले, आता ते फोटो बघून गाळतात. मुलांसाठीची गोरेपणाची क्रीम २००५ मध्ये आली. आमच्या हॉस्टेलमध्ये ती कपड्यांच्या बादलीत, डिटर्जंटच्या पुड्याखाली ठेवायची पद्धत होती. सिगारेटची पाकिटं टेबलावर उघडी असत.

एक गोष्ट मात्र हॉस्टेलच्या थट्टेत आणि स्थळांच्या बाजारात सारखीच आहे आणि ती बोलली जात नाही. पहिल्या वर्षी एका सीनियरनं माझं आडनाव विचारलं, ऐकलं, चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाला, 'वाटत नाहीस हं!' कौतुकानं म्हणाला. त्याच्या दृष्टीनं माझ्या आडनावाचा रंग वेगळा असायला हवा होता. या वाक्यात माझा अपमान अर्धाच आहे. उरलेला अर्धा, आणि मोठा, ज्यांच्यासारखा मी त्याला 'वाटत' होतो त्यांचा आहे, आणि ते तिथे नव्हतेच. रंगाच्या थट्टेत कितीदा तरी जातीचा अंदाज दडलेला असतो. माझ्यासारखा माणूस आडनाव सांगून त्यातून सुटू शकतो. आडनाव सांगितल्यावर जो आणखी अडकतो, त्याला 'काळ्या' हा शब्द माझ्यापेक्षा वेगळा ऐकू येत असणार. म्हणून 'मला तर बुवा काही वाटलं नाही' ही माझ्यासारख्याची साक्ष त्याच्याविरुद्ध वापरणं बरोबर नाही. 'वर्णद्वेष' हा शब्द आपण दक्षिण आफ्रिकेसाठी आणि अमेरिकेसाठी राखून ठेवलाय. घरी त्याला नुसतं 'रंग' म्हणतो.

नियम नाहीत असं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या रॅगिंगविरोधी नियमावलीत जून २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार रंग, वंश, धर्म, जात, रूप, प्रदेश, भाषा, आर्थिक परिस्थिती अशा कारणांवरून विद्यार्थ्याला दिलेला शारीरिक किंवा मानसिक त्रास, त्याला वगळणंसुद्धा, रॅगिंग ठरतं. इंग्रजी यादीत पहिला शब्द रंग हाच आहे. नवा विद्यार्थी असो की जुना. मी तेव्हा दुसऱ्या वर्षात जात होतो. दर वर्षी आम्ही आणि आमचे पालक रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र ऑनलाइन भरायचो. भरून झाल्यावर कुणीतरी ओरडायचा, 'डांबर, तुझं झालं का रे?' या विसंगतीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, कारण रॅगिंग म्हणजे सीनियरनं रात्री बोलावून उभं करणं, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं. आणि ज्यांच्याबरोबर जेवायचं, झोपायचं, असाइनमेंट उतरवायची त्यांच्याविरुद्ध अर्ज कोण करणार? कायद्याची ही मर्यादा खरी आहे. मैत्रीच्या आत तो जाऊ शकत नाही, आणि बहुधा जाऊही नये.

विंगमधला तो मुलगा शेवटी कॉलेजच्या समुपदेशकाकडे गेला, म्हणजे त्याला पाठवलं गेलं. त्या बाईंनी त्याला आत्मविश्वास वाढवायला सांगितलं. रोज आरशासमोर उभं राहून स्वतःबद्दल पाच चांगल्या गोष्टी म्हणायच्या. बाई चांगल्या होत्या, त्यांच्याकडे हजारभर मुलं होती, आणि त्यांच्या हातात होतं तेवढं त्यांनी केलं. पण त्यांच्या खोलीत फक्त तोच येऊ शकत होता, विंग येऊ शकत नव्हती. म्हणून इलाजही त्याचाच झाला. घरून फोनवर वडील म्हणाले, 'अरे, आपला विठोबा काळाच आहे की.' विठोबाला हॉल तिकिटावर फोटो लावावा लागत नाही, असं तो मला नंतर म्हणाला. तेव्हा मात्र आम्ही दोघं मनापासून हसलो.

सध्याच्या माझ्या कामातलं एक उदाहरण मला इथे राहून राहून आठवतं. जॉय बुओलाम्विनी ही एमआयटीमध्ये शिकणारी कृष्णवर्णीय विद्यार्थिनी. चेहरा ओळखणाऱ्या एका सॉफ्टवेअरवर ती काम करत होती आणि ते तिचा चेहराच पकडत नव्हतं. तिनं पांढरा मुखवटा घातला, तेव्हा पकडला. पुढे तिनं आणि टिमनिट गेब्रूनं २०१८ मध्ये तीन मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर तपासली. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखण्यात गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. मुख्य कारण, सॉफ्टवेअरला शिकवायला वापरलेल्या चेहऱ्यांत गोऱ्या पुरुषांचा भरणा. हे बाहेर आल्यावर कंपन्यांनी सॉफ्टवेअर दुरुस्त करायला घेतलं. काळ्या बायकांनी कॅमेऱ्यासमोर आत्मविश्वासानं उभं राहावं, असं उत्तर कुणी दिलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. यंत्राच्या बाबतीत आपल्याला लगेच कळतं की दोष बघणाऱ्यात आहे. माणूस बघत असला की तोच दोष चेहऱ्याकडे सरकवायचा आणि चेहऱ्यानं तो मनावर घ्यायचा नाही.

मन खंबीर करण्याला माझा विरोध नाही. डोक्यावर ऊन असेल तर टोपी घालावीच. पण टोपी घातली नाही म्हणून ऊन लागलं, असं उन्हानं म्हणू नये.

'म्हणजे आता काही बोलायचंच नाही का?' असं मित्र विचारतात. गेल्या वर्षी बॅचच्या ग्रुपवर यावरून दीडशे मेसेज झाले. मी त्यावर काही नियम सांगू शकलो नाही, कारण कुठला शब्द कुणाला चालेल याचा तक्ता करता येत नाही. मला एवढंच माहीत आहे की तिसऱ्या वर्षी माझ्या रूममेटनं मला माझ्या नावानं हाक मारायला सुरुवात केली. मी सांगितलं नव्हतं. आमच्यात त्यावर बोलणं झालं नाही, त्यानं माफी वगैरे मागितली नाही. पहिल्यांदा त्यानं हाक मारली तेव्हा मी मागे वळून बघितलं, माझ्या नावाचा दुसरा कुणी आलाय का ते. नंतर आम्ही एकमेकांना पूर्वीइतक्याच शिव्या देत राहिलो. तो माझ्या नाकाबद्दल बोलायचा, मी त्याच्या घोरण्याबद्दल. पंधराएक दिवसांनी शेजारच्या खोलीतल्या दोघांनीही नाव बदललं. बाकीच्यांच्या फोनमध्ये मी अजून 'डांबर'च आहे.